द्रव्याचे सत्य आणि वैद्याची युक्ती

आजच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल बंदरी १८७२ साली पुराणिक घराण्याने धूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तेव्हा औषधनिर्मितीबरोबरच एक नैतिक प्रश्नही तेथे उभा राहिला. वनस्पती स्वतः ओळखून, वाळवून, कुटून देणाऱ्या वैद्याचे चूर्ण घेताना रोगी विश्वास ठेवीत असे तो त्या माणसावर. परंतु तेच चूर्ण, कुटणाऱ्याचे मुखही न पाहिलेल्या परगावच्या माणसाच्या हाती पडू लागले, म्हणजे त्या विश्वासाने आश्रय कोठे घ्यावा?

तो आश्रय औषधांच्या प्रमाणीकरणात शोधावा, तर त्यावर आक्षेप घेतला जातो तो असा की, प्रकृती, देश, काळ आणि वय पाहून प्रत्येक पुरुषाचा निराळा विचार करणाऱ्या शास्त्राला एका साच्यात बसविणे म्हणजे त्याचा आत्माच हिरावून घेणे होय. आक्षेप तळमळीचा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. चरकाने वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. त्यांपैकी प्रकृतिभेदाचा विवेक हे वैद्याचे कर्म; द्रव्याकडून अपेक्षा आहे ती इतर गुणांबरोबर स्वतःच्या संपन्नतेची. मात्रा आणि अनुपान वैद्याने ठरवावे, हे खरेच. पण चूर्णात काय आहे याचीच त्याला खात्री नसेल, तर त्याच्या युक्तीला आधार कशाचा?

त्रिफळाचूर्णाचेच पाहा. एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे अशी संख्येची मोजणी ग्रंथांत आढळते; फळे लहानमोठी निघाली की वजनात तफावत पडते. १९७८ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या योगसंग्रहात आठळ्या काढलेल्या फळांचे वजनी समभाग मुक्रर झाले, आणि तो वाद निदान औषधशाळेपुरता मिटला. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते असे शार्ङ्गधराने बजावले, तेव्हा त्यानेही नियमच घातला होता. आषाढातील कोकणच्या दमट हवेत वस्त्रगाळ चूर्णाच्या गुठळ्या होताना पाहणाऱ्यास त्या नियमाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. जलांश, राख आणि भेसळ तपासणारी प्रयोगशाळा हीच दक्षता अधिक सूक्ष्म साधनांनी पुढे चालविते.

ते चूर्ण कोणास मानवेल हे प्रयोगशाळेचा दाखला सांगू शकत नाही, आणि सांगण्याचा आवही तिने आणू नये. परंतु शास्त्रावर ज्याची श्रद्धा आहे त्याने या तपासणीस सर्वांआधी सामोरे जावे. कारण अनोळखी रोग्याशी सत्याने वागण्याचा दुसरा मार्ग आता त्याच्यापाशी उरलेला नाही.