रजिस्टरातलं गाव

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सेंट पीटर्स नावाची शाळा आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या सावलीत आपण इ.स. ६२७ मध्ये जन्मलो, असं ती मानते. पण आज ज्या क्लिफ्टनमध्ये ती भरते, तिथे ती आली १८४४ मध्ये. कँटरबरीच्या किंग्ज स्कूलची परंपरा ५९७ पासून सांगतात. आठव्या हेन्रीने तिची नव्याने उभारणी केली ती १५४१ मध्ये. जागा बदलली, धनी बदलले, तरी शाळा जुनीच राहिली. शाळेचं वय दगडविटांवरून ठरत नाही, ते तिच्या दप्तरावरून ठरतं.

नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या परिसराला हा विचार नीट लागू करून पाहायला हवा. आयआयएमच्या संकुलाचं उद्घाटन ८ मे २०२२ रोजी झालं, एम्सचं लोकार्पण त्याच वर्षी ११ डिसेंबरला. नव्याने इथे येणाऱ्याला वाटतं, शिक्षण या माळावर आलं ते तेव्हाच. पण ही जमीन खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव अशा गावांची. या गावांतली पोरंही बाराखडी शिकली, पाढे म्हणत मोठी झाली. प्रकल्पासाठी शेतं गेली, घरं हलली. गाव हललं की शाळेची खोलीही जाते. मग उरतं काय?

उरतं दाखल-खारीज रजिस्टर. लांब, जाड पुठ्ठ्याचं. पोराचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कोणत्या इयत्तेत दाखल, कधी सोडली, का सोडली, शेवटी शेरा. आपण जी टीसी काढतो ती यातूनच उतरवलेली असते. शाळेचे बरेचसे कागद मुदतीनंतर रद्दीत जातात. हे रजिस्टर कायम जपायचं असतं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. एकाच वर्षी पाच-सात पोरांपुढे ‘सतत गैरहजर’ असेल, तर त्या साली गावावर काय गुदरलं हे विचारावंसं वाटतं. आपल्याकडे कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून निघते, तीही इथेच. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, गुरुजी वयाला बसेल अशी घालून द्यायचे.

एका ओळीचं मोल किती असू शकतं हे साताऱ्यात दिसतं. तिथल्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही बाबासाहेबांची नोंद झाली. ती जपली गेली म्हणून महाराष्ट्र आज ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन पाळतो. त्या दिवशी ती लिहिणाऱ्याला हे कुठून कळणार होतं? कोणती ओळ पुढे मोठी ठरेल ते आधी समजत नाही, म्हणून प्रत्येक ओळ राखायची.

रजिस्टर जे सांगत नाही तेही वाचायला शिकलं पाहिजे. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपुरात हमाली करत. एका मिशनरी बाईने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, शिक्षिकेची नोकरी दिली. ‘अस्पृश्य’ बाई शिकवते हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी संत चोखामेळा शाळा स्वतःच काढली. त्याआधीच्या बहुतेक शाळांच्या पानांत ‘अस्पृश्य’ वस्त्यांतल्या मुलींची नावं शोधून सापडणार नाहीत. ती रिकामी जागाही नागपूरचा इतिहासच आहे.

हा नुसता आठवणींचा विषय नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. भूमिहीन आजोबांच्या नावावर सातबारा कुठून येणार? अशा घरांचा आधार बहुतेक वेळा शाळेची नोंदच असते. ज्याची जमीन गेली, गाव गेलं, त्याला आपण इथलेच हे सिद्ध करायला तीच एक ओळ उरते.

म्हणून माझं सांगणं थेट आहे. मिहानने व्यापलेल्या गावांच्या शाळांची रजिस्टरं आज कोणत्या कपाटात आहेत, याची यादी शिक्षण विभागाने करावी. पानन् पान स्कॅन व्हावं आणि एक प्रत नागपूरच्या पुराभिलेखागारात ठेवली जावी. वाळवी लागलेलं पान पुन्हा लिहिता येत नाही. आणि या गावांतून शिकून गेलेल्यांनो, तुमची टीसी शोधा, शाळेत जाऊन तुमची ओळ पाहून या. ते रजिस्टर ठिकाणावर नसेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.