अतिथी आणि तिथी

परदेशी सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा पहिला दिवस हा बहुधा डोळ्यांचा दिवस असतो. व्हेनिसच्या रेल्वे स्थानकाबाहेर येताच रस्त्याऐवजी कालवा दिसतो. मुले हरखतात, आई नकाशा उलगडते, वडील पूल मोजू लागतात. सारे शहर जणू आपल्यासाठीच मांडून ठेवले आहे, असे त्यांना वाटते. पण तेथे कोणी राहत असते.

रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ साली एक फलक लागला. जुन्या शहरात किती रहिवासी उरले, हे तो सांगतो. १९५१ मध्ये ही संख्या सुमारे १,७५,००० होती; २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली आली. पर्यटकांना दिलेल्या घराचे उत्पन्न अधिक, म्हणून रहिवाशांना घर परवडेनासे झाले. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या प्रवाशाला तारीख नोंदवून प्रवेशशुल्क भरावे लागते.

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी भारतीय परंपरेतील एक व्युत्पत्ती आहे. मग तारीख नोंदवून, दाम मोजून येणारा अतिथी उरतो काय? दाम दिल्याने प्रवेश मिळतो. ऋण फिटत नाही. धर्मशास्त्रांनी यजमानाची कर्तव्ये विस्ताराने सांगितली, कारण पाहुणा एकटादुकटा येई. तो लाखोंनी येऊ लागला, की कर्तव्याचा भार त्याच्याकडे सरकतो. अरुंद गल्ली अडवू नये, दारातल्या वृद्धेला देखावा समजू नये, त्या फलकावरील आकड्याचा अर्थ मुलांना सांगावा. एवढे साधले, तर तिथी ठरवून आलेल्यालाही अतिथी होता येते.