थोडं आवरायचं राहू द्यावं

चैत्र लागला की कोल्हापुरात पहाटे दयाळाची शीळ सुरू होते. ताराबाई पार्कातला बंगला असो की शिवाजी पेठेतल्या जुन्या घराचं परडं, काळा-पांढरा नर उंच शेंड्यावर बसून मनसोक्त गातो. हा त्याचा विणीचा हंगाम. जवळच एखाद्या भिंतीच्या भोकात किंवा झाडाच्या ढोलीत मादी अंडी उबवत असते आणि ही जागा आमची आहे, हे तो इतर नरांना गाऊन बजावत असतो.

ते गाणं आपल्याला हवंहवंसं वाटतं. पण पाखरांचा संसार कशावर उभा राहतो? शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडतो आणि कापूस, तंतू, कोळ्याचे धागे ओवून पानाची पिशवी शिवतो. शिंजिराची मादी तर एकटीच घर बांधते. काड्या, सालीचे कपचे, वाळकी पानं जाळ्याच्या धाग्यांत गुंतवून ती फांदीला लोंबती थैली विणते. परड्यातली जी जळमटं आपण केरसुणीनं ओढून काढतो, त्यांवरच हे घर टांगलेलं असतं.

खाण्याचंही तसंच. शिंजीर जास्वंदीतला मध पिताना दिसतो, पण वाढत्या पिल्लांना नुसत्या मधावर भागत नाही. त्यांच्या चोचीत किडे आणि कोळीच भरवावे लागतात. दयाळ आणि शिंपी तर मुख्यतः किड्यांवरच जगतात. झाडाला कीड दिसताच आपण औषध फवारतो, तेव्हा पिल्लांच्या ताटातलाच घास काढून घेतो.

मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. तो पाळावाच. पण परड्यातल्या पाखरांना आपली खरी गरज असते ती चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत. नेमकी तेव्हाच, पावसाआधी आवरून घ्यावं म्हणून, आपल्या हातात कात्री आणि कोयता असतो. फांदी तोडण्याआधी पानांत डोकावून पाहावं. घरटं दिसलं तर छाटणी महिनाभर लांबवावी. शिंप्याची अंडी फुटून पिल्लं उडून जायला एवढाच अवधी पुरतो. फोटोसाठी वारंवार जवळ जाऊ नये, कारण आपल्या येण्याजाण्यानं मांजराला आणि कावळ्याला घरट्याचा माग लागतो. एवढं जपूनही भारद्वाज एखादं पिल्लू उचलेल. वाईट वाटेल, पण पिल्लं त्यालाही वाढवायची असतात.

पाखरांवर माया करायला फार काही करावं लागत नाही. काही गोष्टी करायच्या थांबवाव्या लागतात. म्हणून आज परडं झाडताना एक कोपरा जाळ्यांसकट, पाचोळ्यासकट तसाच सोडावा. आपल्याला जो पसारा वाटतो, तो दुसऱ्या कुणाच्या संसाराचं सामान असू शकतो.