थकलेल्या देहाचा धर्म

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशी तालुक्यात दोन प्रकारचे थकलेले देह दृष्टीस पडतात. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या स्त्रियांचा देह हा पहिला. याच तालुक्याच्या पूर्वेकडील अंगाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आहे. तेथे दहा-दहा तास खुर्चीवर बसून, पुढे दोन तास वाहनांच्या गर्दीत अडकून रात्री घरी परतणाऱ्या तरुण-तरुणींचा देह हा दुसरा. पहिला देह श्रमाने थकतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच त्याला झोप लागते. दुसरा देह श्रमाविना थकतो आणि त्याला झोपही धड लागत नाही. वजन वाढत जाते, जिना चढताना धाप लागते, रविवारच्या मिस्सेला उठवत नाही आणि मनावर एक करडे मळभ पसरून राहते. अलीकडे मुळशीच्या जलाशयाकाठी आरोग्य-निवासही उभे राहिले आहेत. तेथे पुष्कळ पैसे मोजून माणसे वजन उतरवायला येतात. कोणाला शरीर झिजवल्यावाचून पोट भरता येत नाही, तर कोणाला शरीर हलवण्यासाठी द्रव्य वेचावे लागते, हा विरोधाभास एकाच तालुक्यात नांदतो.

आम्ही येथे विचार करणार आहोत तो या दुसऱ्या थकव्याचा. आपल्या धर्मग्रामांतल्या पुष्कळ कुटुंबांत तो आज शिरला आहे. तो केवळ तरुणांचा नाही. बाळंतपणानंतरच्या मातांना, निवृत्त गृहस्थांना, जोडीदार गमावलेल्या वृद्धांनाही तो ग्रासतो. आम्हांस पडलेला प्रश्न वैद्यकीय असला तरी मुळात तो नैतिक आहे. ज्याचे मन खचले आहे आणि ज्याचा देह जड झाला आहे, त्याने व्यायाम करणे हे त्याचे कर्तव्य आहे काय? असल्यास, ते न करणारा मनुष्य दोषी ठरतो काय?

याचे एक तयार उत्तर आपल्या घराघरांत असते. 'आळशी आहे, दुसरे काय!' सात मूलभूत पापांत खादाडपणाही आहे आणि आळसही. तेव्हा स्थूल आणि निरुत्साही मनुष्याच्या माथी एकदम दोन पापे मारून आपण मोकळे होतो. परंतु ख्रिस्तसभेची परंपरा इतकी उतावीळ नाही. ज्याला आपण आज आळस म्हणतो त्याचा उगम चौथ्या शतकातल्या वाळवंटवासी तपस्व्यांच्या लेखनात आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यांतल्या एकाला त्याने 'अकेदिया' म्हटले आणि त्याला भर दुपारी येणाऱ्या सैतानाची उपमा दिली. दिवस सरता सरत नाही, सूर्य जागचा हलत नाही, खोपटे नकोसे होते, हातचे काम नकोसे होते, सोबत्यांत कुणाला आपली माया उरली नाही असे वाटू लागते. हे त्याने केलेले वर्णन आजच्या कोणत्याही खिन्न मनाला ओळखीचे वाटेल. सहाव्या शतकात थोर पोप ग्रेगरी यांनी ही यादी सातांवर आणताना अकेदियाला दुःखात सामावून घेतले. 'आळस' हा शब्द त्या जागी येऊन बसला तो त्याही नंतर. म्हणजे ज्याला आपण पाप म्हणून हिणवतो त्याच्या मुळाशी एक व्यथा होती, आणि त्या तपस्व्यांनी तिच्याकडे उपहासाने नव्हे तर वैद्याच्या नजरेने पाहिले.

संत अंतोनींविषयी एक कथा सांगितली जाते. वाळवंटात ते असेच खिन्न होऊन बसले असता त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करीत होता, पुन्हा बसून दोर वळत होता. तो देवदूत होता आणि अंतोनींना मार्ग दाखवण्यास आला होता. या कथेतला देवदूत उपदेशपर प्रवचन देत नाही. तो हात हलवतो, उठतो, बसतो. मनाला वर काढण्यासाठी प्रथम देहाला काम द्यावे लागते, हे त्या तपस्व्यांनी अनुभवाने जाणले होते.

याहूनही बोलका प्रसंग जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. कार्मेल डोंगरावर बालदेवाच्या पुजाऱ्यांवर विजय मिळवणारा एलिया दुसऱ्याच दिवसांत ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा, आणि त्याला जगणे नको झाले! अशा वेळी परमेश्वराने काय केले? त्याने एलियाला श्रद्धेच्या अभावाबद्दल फटकारले नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग देवदूताने स्पर्श करून त्याला उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याची सुरई होती. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि वाट लांबची आहे, तेव्हा अन्न घे, असे त्याने सुचवले. त्यानंतर एलिया चालू लागला आणि चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोहोचला. परमेश्वराचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो तेथे. झोप, अन्न, स्पर्श, चाल आणि मग देवाची वाणी, असा हा क्रम आहे. आपण मात्र खचलेल्या माणसाला हा क्रम उलटा लावतो. आधी त्याला उपदेश ऐकवतो, मग पहाटे धावायला पाठवू पाहतो; त्याची झोप झाली की नाही, हे विचारण्याचे आपणांस सुचतच नाही.

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात दुःखावरच्या उपायांची चर्चा केली आहे. आनंददायी गोष्टी, अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीला त्यांनी झोप आणि स्नान यांनाही बसवले आहे. इतका मोठा ईशज्ञानी आपल्या वाचकाला निजायला आणि अंघोळ करायला सांगतो, कारण देह आणि आत्मा मिळून एक मनुष्य होतो, ही त्यांची ठाम धारणा होती. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग हे मत ख्रिस्तसभेने कधीच मान्य केलेले नाही. ज्या धर्माचा पाया शब्दाने देह धारण केला या श्रद्धेवर उभा आहे, त्याला देहाचा तिरस्कार करता येत नाही.

तथापि देहाचे देव्हारे माजवणेही त्याला मान्य नाही. संत पौलांनी देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. मंदिरात वस्ती कोणाची आहे हे विसरून भिंतींनाच ओवाळत बसणे हा वेगळा प्रमाद होय. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातही ही दुहेरी भूमिका आहे. जीवन आणि आरोग्य या देवाने सोपवलेल्या मौल्यवान देणग्या आहेत आणि त्यांची वाजवी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे, असे तो ग्रंथ एकीकडे सांगतो. दुसरीकडे शारीरिक परिपूर्णतेची मूर्तिपूजा तो नाकारतो. वजन उतरवण्याच्या खटाटोपात ही सीमारेषा कोठे ओलांडली जाते, हे ज्याचे त्याने तपासावे. प्रायश्चित्तकाळातील उपवास जर केवळ नाताळात वाढलेले वजन घटवण्यासाठी असेल, तर ते पथ्य होईल, तप होणार नाही. पथ्य वाईट नव्हे. पण त्याला तपाचे नाव देऊ नये. आणि जो आजारी आहे त्याला उपवासाचे बंधन ख्रिस्तसभाही घालीत नाही.

वजनकाट्याविषयी पुण्यातच झालेले एक संशोधन आपणांस विचार करायला लावणारे आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणातून काढलेला दोघांचा निर्देशांक एकच होता, 22.3. परंतु याज्ञिकांच्या शरीरातील चरबी 21.2 टक्के भरली, तर युडकिन यांच्या शरीरातील केवळ 9.1 टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय मनुष्य आतून स्थूल असू शकतो, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि नवजात बालकांच्या अभ्यासातूनही पुढे आले. तेव्हा लग्नसमारंभात 'काय गं, किती सुटलीस!' असे मोठ्याने म्हणणाऱ्या सडपातळ नातलगाने आपल्या आरोग्याची फार खात्री बाळगू नये. काट्यावरचा आकडा ना पाप सांगतो, ना पुण्य.

दुसरी एक गोष्ट हिशेबाची. अर्धा तास बऱ्या वेगाने चालल्याने साधारणपणे सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याहून अधिक असतात. म्हणून केवळ चालण्याने वजन झरझर उतरेल, या आशेवर निघालेला मनुष्य महिन्याभरात निराश होतो आणि आधीच खचलेले मन आणखी खचते. चालण्याचा पहिला लाभ मनाला आणि झोपेला होतो, वजनाला नंतर, आणि तोही आहाराची जोड असेल तर. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जेम्स ब्लुमेंथल आणि सहकाऱ्यांनी नैराश्याने पीडित अशा पन्नाशी उलटलेल्या 156 जणांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध केला. काहींना औषध दिले, काहींकडून आठवड्यातून तीनदा सामूहिक व्यायाम करवून घेतला, तर काहींना दोन्ही दिले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक उरला नव्हता. मात्र औषधाचा गुण सुरुवातीला लवकर दिसला. यावरून कोणी आपली औषधे परस्पर बंद करू नयेत. व्यायाम हाही एक खरा उपचार आहे, एवढाच बोध यातून घ्यावा.

येथे या प्रश्नातील खरी अडचण समोर येते. व्यायाम हे औषध आहे खरे. पण ते घेण्यासाठी जी शक्ती लागते तीच तर या दुखण्याने हिरावून घेतलेली असते. पाय मोडलेल्याला वैद्याकडे चालत जा म्हणून सांगावे, तसे हे होते. मग कर्तव्याचे काय? धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो की सवयी, भीती आणि मानसिक वा सामाजिक कारणे यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी संपुष्टातही येऊ शकते. तेव्हा खिन्न मनुष्याच्या निष्क्रियतेला सरसकट पाप म्हणता येत नाही. पण तो सर्वस्वी असहाय आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. एलियाने भाकर स्वतः भाजली नाही, पण ती खाल्ली त्यानेच. स्वातंत्र्य आक्रसले तरी बहुधा एका लहानशा होकारापुरते शिल्लक राहते. पायांत चपला सरकवणे, फाटकापर्यंत जाणे, दहा मिनिटे चालून परतणे हा आजचा होकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस केली. पण काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालही हितकर, हेही तिने त्याबरोबरच सांगितले.

आणि उरलेले कर्तव्य कोणाचे? आमच्या मते ते शेजाऱ्याचे आहे. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, छप्पर उघडून येशूसमोर उतरवले, आणि येशूने त्या चौघांची श्रद्धा पाहिली, असे शुभवर्तमानकार मार्क नमूद करतो. 'तू व्यायाम का करीत नाहीस?' हा प्रश्न विचारणे सोपे आहे. 'उद्या सकाळी साडेसहाला मी तुझ्या दाराशी येतो, दोघे मिळून चालू' असे म्हणणे अवघड आहे, कारण त्यासाठी आपलीही झोप मोडावी लागते. घरातल्या आईने चालायला जावे असे वाटत असेल, तर त्या अर्ध्या तासात पोळ्या कोण लाटणार, हे कुटुंबाने ठरवावे लागेल. धर्मग्रामाच्या महिला मंडळाला, युवक संघाला, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना यात पुष्कळ करता येईल. मिस्सेनंतर ख्रिस्तमंदिराच्या आवारात चार फेऱ्या मारता-मारता रोझरी म्हणण्यास खर्च येत नाही.

दोन व्यावहारिक सूचना केल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, मधुमेह, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा झोपेतील श्वासाचा अडथळा असू शकतो. तेव्हा मनाला दोष देण्याआधी रक्त तपासून घ्यावे. आणि एलियासारखे मरणाचे विचार मनात येऊ लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. प्रार्थना आणि उपचार यांच्यात वैर नाही. देवदूताने आणलेली भाकर निखाऱ्यांवरच भाजलेली होती.

संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या देहाला 'गाढवभाऊ' म्हणत आणि त्याला फार कठोरपणे वागवीत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी या भावाची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गाढवाला लाडावून ठेवले तर ते ओझे वाहत नाही, आणि उपाशी ठेवून मारले तर ते वाटेत कोसळते. त्याला पोटभर चारा द्यावा, रात्री विसावा द्यावा आणि सकाळी रोजच्या वाटेला न्यावे. आपल्या आणि आपल्या शेजाऱ्याच्या देहाशी आपण एवढे जरी न्यायाने वागलो, तरी वजन किती उतरले हा प्रश्न आपोआप दुय्यम ठरेल. आणि होरेबच्या वाटेवर आपल्यापैकी कोणालाही एकट्याने चालावे लागणार नाही.