आयुष्य मागावं, पण कशासाठी?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



पारायणाला बसताना गुरुजी हातावर पाणी सोडायला लावतात. त्या संकल्पात ‘आयुरारोग्य’ असा शब्द येतो. आपण मान डोलावतो आणि पाणी सोडतो. म्हणजे देवापाशी मागताना आरोग्याच्याही आधी आयुष्य आलं. थोरांच्या पाया पडलं की आशीर्वादही तोच, ‘औक्षवंत व्हा!’ यात गैर काही नाही. आयुष्य असेल तर नाम घेणं घडेल. पण आज मी एक प्रश्न विचारणार आहे, आणि तो आधी स्वतःला विचारलेला आहे. मागितलेलं आयुष्य पदरात पडतं, तेव्हा आपण त्याचं करतो काय? दुपारचं जेवण झाल्यापासून चहाचं आधण ठेवेपर्यंतचे दोन-अडीच तास जातात कुठे?

ययाती राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापानं त्याला अकाली म्हातारपण आलं. मग तो एकेका मुलापाशी गेला, ‘तुझं तारुण्य मला दे.’ थोरला यदू नाही म्हणाला. धाकट्या पुरूनं दिलं. हजार वर्षं राजानं सगळे भोग भोगले आणि शेवटी कबूल केलं की तृप्ती काही झाली नाही. हजार वर्षं पुरली नाहीत, श्रोतेहो! पुरूचं तारुण्य परत करून तो वनात गेला, तेव्हा कुठे त्याला शांती मिळाली.

आणि अश्वत्थामा? तो तर चिरंजीव. नर्मदेच्या परिक्रमेला जाऊन आलेली मंडळी सांगतात, की कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत हिंडतो. नुसतं आयुष्य लांबलं तर ते असंही होऊ शकतं.

आता गंमत बघा. ज्या यदूनं बापाला तारुण्य दिलं नाही, त्याच यदूला पुढे एक अवधूत भेटला. भागवताच्या एकादश स्कंधात ही कथा श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा. यदूनं विचारलं, ‘महाराज, तुमच्याजवळ काहीच नाही, तरी तुम्ही इतके आनंदी कसे?’ अवधूतानं चोवीस गुरू सांगितले. त्यातले तीन रिकाम्या वेळेबद्दल फार मोलाचं शिकवतात.

पहिली पिंगला. विदेहनगरीतली ही गणिका सजून दारात उभी राही. हा येईल, तो येईल, म्हणून आत-बाहेर करता करता मध्यरात्र झाली. मंडळी, हे चित्र ओळखीचं वाटतं का? कुणाचा निरोप आला का, म्हणून आपण दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडतो, ठेवतो, पुन्हा उघडतो. पिंगलेचं आत-बाहेर आणि आपलं यात फरक किती? पण त्याच रात्री तिनं आशा सोडली, आणि ती सुखानं झोपली.

दुसरा अजगर. कुणी म्हणेल, ‘बघा, देवानंच पडून राहायला सांगितलंय!’ थांबा. अजगर पडून असतो खरा, पण जागा असतो, आणि मिळेल त्यात समाधानी असतो. आपण आडवे होतो तेव्हा मन चार गावं हिंडून येतं.

तिसरा बाण करणारा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, याला पत्ता नाही. वेळ त्याच्याकडेही आपल्याइतकाच होता. फक्त तो एका जागी होता.

आता माझं सांगतो. निवृत्त झालो त्या वर्षी आई शहाऐंशी वर्षांची होती. दृष्टी गेलेली. दुपारी म्हणायची, ‘अरे, पोथीची दोन पानं वाचतोस का?’ मी झोपाळ्यावर बसून बातम्या बघत असे. ‘उद्या वाचतो गं’, असं कितीदा म्हणालो याचा हिशेब नाही. ती जास्त आजारी पडली, तेव्हा मी काय केलं? गुरुजींना बोलावून महामृत्युंजयाचा जप केला. तिला आयुष्य मिळावं म्हणून दक्षिणा दिली, आणि जे आयुष्य समोर बसलं होतं त्याला अर्धा तास दिला नाही. तिच्यामागे पोथी उघडली. मोरपीस जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. त्या दिवसापासून ‘आयुरारोग्य’ म्हणताना माझा हात थबकतो.

मग उशीर झाला का? खट्वांग राजाची कथा ऐका. देवांच्या बाजूनं तो असुरांशी लढला. देव प्रसन्न झाले. त्यानं विचारलं, ‘माझं आयुष्य किती उरलंय?’ उत्तर आलं, एक मुहूर्त. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आपल्या घड्याळात ४८ मिनिटं. त्यानं आणखी मागितलं नाही. पृथ्वीवर येऊन सगळं चित्त हरीच्या ठायी ठेवलं, आणि तो तरला. परीक्षिताला तर सात दिवस होते. आपल्या सप्ताहाएवढेच.

आता तुम्ही म्हणाल, घरात सतत माळ घेऊनच बसायचं का? नाही हो. उन्हातून आल्यावर पाठ टेकणं, नातवाशी पत्ते खेळणं, शेजाऱ्याशी चार शब्द बोलणं हे वाया गेलेलं नाही. वाया जातं ते, जिथे आपण असून नसतो.

म्हणून या जयंतीला एक छोटा संकल्प करू या. रोज एक घटका, फक्त २४ मिनिटं. त्यात फोन दुसऱ्या खोलीत. ती घटका नामाला द्या, नाहीतर घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याला आपण ‘उद्या’ म्हणत आलोय. पोथी वाचून दाखवा, पाय चेपा, नुसते शेजारी बसा. महाराजांपाशी आयुष्य जरूर मागा. पण मागण्याआधी आजच्या दुपारचं काय केलं, ते त्यांना सांगता आलं पाहिजे.

माझ्या आईची पोथी मी आता रोज दुपारी मोठ्यानं वाचतो. ऐकायला शेजारच्या एक आजी येतात. त्यांनाही दिसत नाही.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥