कुणाशी बरोबरी, यावर वजन

सल्फ्युरिक आम्लाचा रेणुभार ९८, देता येणारे हायड्रोजन दोन, म्हणून सममूल्यभार ४९. कॉस्टिक सोड्याचा ४०. म्हणजे ४९ ग्रॅम आम्ल उदासीन करायला ४० ग्रॅम सोडा नेमका पुरतो. परीक्षेपुरता हा भागाकार सगळे करतात. मला तो रसायनशास्त्रातल्या सर्वांत सखोल विचारांपैकी एक वाटतो.

येरेमियास रिश्टर या जर्मन रसायनतज्ज्ञाचा ग्रंथ १७९२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. दोन उदासीन क्षारांची द्रावणे एकत्र केली, की आम्ले आणि आम्लारी जोडीदार बदलतात, तरी मिश्रण उदासीनच राहते, हे त्याने हेरले. म्हणजे एका आम्लाशी जुळणारी आम्लारींची प्रमाणे दुसऱ्या आम्लाशीही जुळतात. १८०२ मध्ये फिशर नावाच्या अभ्यासकाने सल्फ्युरिक आम्ल १००० धरून रिश्टरच्या आकड्यांचा एकच तक्ता बनवला. डाल्टनचा अणुसिद्धान्त अजून रुजायचा होता. हे सारे नुसत्या तराजूच्या बळावर झाले.

पण हा भार पदार्थाच्या अंगचा नाही. फॉस्फोरिक आम्ल घ्या. रेणुभार ९८, हायड्रोजन तीन. पुस्तक म्हणते, सममूल्यभार ३२.६७. आता ०.१ मोलर आम्ल १० मिली घेऊन तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा ब्युरेटमधून सोडा. मिथिल ऑरेंज घातले असेल, तर सुमारे १० मिलीला लाल रंग जाऊन पिवळा येतो: सममूल्यभार ९८. फिनॉल्फ्थॅलिन असेल, तर २० मिलीच्या आसपास गुलाबी छटा टिकते: सममूल्यभार ४९. शंकुपात्र तेच, आम्ल तेच. तिसरा हायड्रोजन इतका घट्ट धरलेला असतो, की पाण्यात त्याचा अंत्यबिंदू स्पष्ट दिसतच नाही.

म्हणूनच हल्ली मोल पुरे, नॉर्मॅलिटी (सममूल्यभारांत मोजलेली तीव्रता) नको, असे म्हणतात. बाटलीवर नुसती नॉर्मॅलिटी लिहून अभिक्रिया न सांगणे घातकच आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी सममूल्यभाराची संकल्पना अभ्यासक्रमातून काढू नये. तीनने भागायचे ते का, कोणत्या अभिक्रियेसाठी, हे विचारायची सवय तीच लावते. प्रात्यक्षिकात हे एकच आम्ल दोन्ही दर्शकांनी मोजायला द्यावे, आणि नंतर त्यात भरपूर कॅल्शियम क्लोराइड घालून पाहावे: कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो, अडलेला तिसरा हायड्रोजन सुटतो आणि पुस्तकातले ३२.६७ हाती लागते.