भाडेकरूची साक्ष

न्यायदर्शनाने ‘शब्द’ हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने विद्या, कूळ, अधिकार यांतले काहीच विचारले नाही. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट म्हणतो. हे लक्षण ब्रिटनमधल्या गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराला लावून पाहण्याजोगे आहे. तिथे कमी भाड्याची सामाजिक घरे सांभाळणाऱ्या संस्थांनी आपल्या सेवांचा आढावा भाडेकरूंना सोबत घेऊन घ्यावा, ही अपेक्षा आता सरकारी नियमांतच उतरली आहे. तिचे समर्थन बहुधा लोकशाहीच्या किंवा सौजन्याच्या भाषेत होते. मला प्रश्न त्याच्याही आधीचा वाटतो: भाडेकरू बोलतो ते ज्ञान की नुसते गाऱ्हाणे?

मँचेस्टरजवळचे रॉचडेल सहकाराचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला परके नाही. १८४४ साली तिथल्या विणकर-कारागिरांनी दुकान काढले आणि सहकाराची तत्त्वे जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली गेली. त्याच गावातली हजारो सामाजिक घरे पुढे अशा संस्थेकडे गेली, जिचे सभासद खुद्द भाडेकरू आणि कर्मचारी होते. तिच्या एका घरातून २०१७ साली बुरशीची पहिली तक्रार गेली. वरून रंग मारा, असे उत्तर मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये त्या घरातले दोन वर्षांचे मूल, अवाब इशाक, दगावले. दीर्घकाळ बुरशीत राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने ते गेले, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. कुटुंब सुदानमधून आलेले. ओल त्यांच्या राहणीमुळे येते असे संस्थेने गृहीत धरले होते. ते चुकले, हे तिने नंतर कबूलही केले. वात्स्यायनाने म्लेंच्छाचा उल्लेख मुद्दाम का केला असावा, हे इथे उमगते.

म्हणजे मालकीत वाटा देऊनही साक्ष ऐकली जातेच असे नाही. ग्रेनफेल टॉवरची गोष्ट याहून विदारक. लंडनमधली ती २४ मजली इमारत जिच्याकडे सांभाळायला होती, त्या संस्थेच्या नावातच ‘भाडेकरू’ हा शब्द होता आणि तिच्या मंडळावर रहिवासी बसत. रहिवाशांच्या एका गटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये लिहून ठेवले होते की मोठी दुर्घटना घडल्याशिवाय कोणाचे डोळे उघडणार नाहीत. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसे गेली. सप्टेंबर २०२४ च्या चौकशी अहवालात नोंद आहे की संस्था काही रहिवाशांकडे भांडखोर उपद्रवी म्हणून पाहत होती. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा खालच्या पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मंडळावरची खुर्ची कोणत्या पायरीवर ठेवली आहे, हे खुर्चीकडे पाहून कळत नाही.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप वजनदार आहे. रहिवाशाला लक्षण दिसते, कारण दिसत नाही. इमारतीच्या बाह्य आवरणात पेट घेणारे प्लॅस्टिक आहे, हे ग्रेनफेलच्या रहिवाशांना कुठे ठाऊक होते? खरे आहे, आणि ते ठाऊक असणे हे त्यांचे काम नव्हतेच. पण घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा राहणारा अधिक चांगली करतो, असे ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये मांडले ते कारणांविषयी नव्हे. कारण शोधणे हे अनुमान, आणि अनुमानाला आधी धूर दिसावा लागतो. रॉचडेलमध्ये तज्ज्ञतेची उणीव नव्हती. तिथे दिसलेली ओल बाजूला ठेवून राहणीच्या कल्पित हेतूवरून निष्कर्ष काढला गेला. आपल्या तार्किकांनी अशा हेतूला हेत्वाभास, म्हणजे हेतूचा नुसता आभास, म्हटले असते.

दुसरा आक्षेप असा की समित्यांवर नेहमीचेच चार बोलके लोक येतात. त्याला उतारा ठरतील असे समाधानाचे २२ निकष इंग्लंडमध्ये २०२३ पासून आले, त्यांतले १२ थेट भाडेकरूंना विचारून ठरतात. ठीक, पण शंभरांतले नव्वद समाधानी असले तरी उरलेल्या घरातली बुरशी दहा टक्के नसते, त्या घरापुरती ती पूर्णच असते. आणि भाडेकरू स्वार्थापोटी फुगवून सांगतो, ही शंका? सांगू शकतो. सांगण्यातला प्रामाणिकपणा हा आप्तलक्षणाचाच भाग असल्यामुळे ती तपासावीच लागते. मात्र तीच कसोटी ‘काम पूर्ण’ असा शेरा मारणाऱ्या ठेकेदारालाही लागली पाहिजे. त्याचाही स्वार्थ असतो, तरी त्याची नोंद सहसा विनातपासणी फायलीत जाते.

म्हणून रहिवाशांचा सहभाग किती बैठका झाल्या यावरून मोजू नये. साक्ष नोंदली गेल्यावर कोणाला, किती दिवसांत, उठून त्या घरात जावे लागते, एवढेच पाहावे. इंग्लंडमध्ये अवाबच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. धोकादायक ओल-बुरशीची तक्रार आल्यावर आता दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावी लागते. रॉचडेलच्या त्या घरातली पहिली तक्रार २०१७ ची होती.